काकनकोट्याचा खेद्दा

म्हैसूरहून हुणसूरकडे जाणाऱ्या मार्गावर येलवाल लागते. मराठी वाचकांस हे नाव ठाऊक असेल ते विनोबांमुळे. १९५७ च्या सप्टेंबरात येथे भरलेल्या ग्रामदान परिषदेस राजेंद्रप्रसाद, नेहरू आणि नंबुद्रीपाद एकत्र बसले होते. परंतु या रस्त्याने पुढे जाणाऱ्या आम्हां प्रवाशांपैकी किती जणांस त्याची आठवण असते? आमचे लक्ष लागलेले असते ते नागरहोळेच्या अरण्याकडे, तेथील हत्तींकडे आणि दैव अनुकूल असल्यास एखाद्या वाघाकडे.

याच अरण्याच्या दक्षिण भागात, कपिला ऊर्फ कबिनी नदीच्या काठी काकनकोटे आहे. येथे हत्ती पाहण्यासाठी नव्हे, धरण्यासाठी माणसे जमत. म्हैसूर संस्थानातील कालव्यांचा एक इंग्रज अधिकारी, सँडरसन, याने १८७४ मध्ये चामराजनगराजवळ हत्तींचा कळपच्या कळप धरून दाखविला. त्यापूर्वी हैदरानेही हा उद्योग करून पाहिला होता व तो फसला होता, असे सँडरसन लिहितो. पुढे काकनकोट्याचा खेद्दा ही संस्थानची प्रतिष्ठेची गोष्ट झाली. हाकारे ढोल व मशाली घेऊन कळपास नदीत लोटीत, पलीकडच्या काठावर लाकडी ओंडक्यांचे भक्कम कुंपण वाट पाहत असे. मग माणसाळलेले हत्ती आत शिरत आणि त्यांच्या आडोशाने माहूत रानहत्तींच्या पायांत दोर अडकवीत. बडे पाहुणे मंचावर बसून हा देखावा पाहत. त्यांच्या वर्णनांत थाटमाट भरपूर आढळतो. दोरांनी सोललेले पाय आणि कैदेत मेलेले हत्ती यांना मात्र ओळ-दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही.

शेवटचा खेद्दा १९७१ मध्ये झाला. पुढील वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि १९७४ मध्ये कबिनीवरील धरण पुरे होऊन खेद्द्याची भूमी जलाशयाखाली गेली. उन्हाळ्यात पाणी हटले की त्या गाळावर कोवळे गवत उगवते, आणि ते खाण्यास शेकडो हत्ती जमतात. ज्या काठावर त्यांना कोंडीत, तेथेच ते आता आपण होऊन येतात. जीपमधील वाटाड्या चितळाची हाक आली की गाडी थांबवितो, वानराचा खकारा ऐकून वाघाची दिशा सांगतो. आम्ही केवळ माना वळवितो. ही विद्या मुळात अरण्यवासी कुरुबांची. खेद्द्यात हत्तींचा माग काढण्यास तेच लागत. अरण्य राखीव झाले तेव्हा त्यांतील कित्येक कुटुंबांस बाहेर काढण्यात आले. पशूंस अभय देताना माणसांचे घर गेले, हा हिशेब आमच्या मते अद्याप चुकता झालेला नाही.

१९६८ च्या काकनकोटे खेद्द्यात एक तरुण नर सापडला होता. त्याचे नाव अर्जुन ठेवण्यात आले. २०१२ ते २०१९ अशी आठ वर्षे म्हैसूरच्या दसऱ्यात सुमारे ७५० किलो वजनाची सोन्याची अंबारी त्याने वाहिली. ४ डिसेंबर २०२३ रोजी हसन जिल्ह्यात यसळूरजवळ रानहत्तींना पकडण्याच्या मोहिमेवर त्यास नेले असता एका मस्तवाल रानहत्तीशी त्याची झुंज झाली आणि तो पडला. त्यास त्या रानातच पुरण्यात आले.