नेवऱ्याचा सॅक्सोफोन

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत गाणे म्हटले की उस्ताद अमीर खाँसाहेब आठवतात, देवासचे कुमारजी आठवतात. लता मंगेशकर १९२९ साली याच गावी जन्मल्या याचा अभिमान तर आहेच. सॅक्सोफोन म्हटले की मात्र आपल्या डोळ्यांपुढे वरातीचा बँड उभा राहतो. त्यामुळे ब्राझ गोन्साल्विस हे नाव आपल्या कानी आले नसेल तर नवल नाही. हे जॅझवादक गोव्यातील नेवरा गावचे, आणि त्यांना पडलेला प्रश्न थेट आपल्या बैठकीतला होता.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी शिकवीत. त्या एका विद्येच्या बळावर गोवेकर वादक देशभर पांगले. संस्थानांचे बँड, मोठी हॉटेले, पुढे बोलपटांचे वाद्यवृंद. ‘अलबेला’ची (१९५१) गाणी आपण आजही गुणगुणतो. सी. रामचंद्रांच्या त्या संगीताला ज्यांच्या ट्रम्पेटची साथ होती, ते चिक चॉकलेट म्हणजे मूळचे आंतोनियो झेवियर वाझ. त्यांची गायिका कन्या इव्होन ही ब्राझ यांची पत्नी.

ब्राझ मुंबईत वाजवीत, कोलकात्यातही. सत्तरच्या दशकात पार्क स्ट्रीटवरच्या ‘ब्लू फॉक्स’मध्ये लुई बँक्स यांचा पियानो, पॅम क्रेन यांचे गाणे आणि ब्राझ यांचा सॅक्सोफोन असा मेळ जमला होता. लोक तेथे जेवायला येत, हे विसरू नका! पण १९७०च्या सुमारास त्यांची ‘राग रॉक’ ही ध्वनिमुद्रिका निघाली होती, आणि ओढ कोणत्या दिशेची हे तिच्या नावातच आहे.

अडचण काय होती? राग एका षड्जावर उभा असतो. जॅझमध्ये मात्र स्वरमेळ सतत बदलतात आणि वादकाला त्या बदलत्या जमिनीवर उपज करावी लागते. १९६०च्या आसपास अमेरिकेत जॉन कोल्ट्रेन आदींनी ही जमीन स्थिर करून पाहिली. त्यांची ‘इंडिया’ ही रचना १९६१ची. ते तिकडून रागाकडे आले, ब्राझ इकडून निघाले. शिवाय सॅक्सोफोनला किल्ल्या. मींड काढायची तर ओठ आणि दमसास यांवरच.

अमीर खाँसाहेबांची मेरुखंड पद्धती आपणांस ठाऊक आहे. घेतलेले स्वर सर्व क्रमांनी उलटेपालटे करून घोटायचे. सात स्वरांचे असे ५०४० क्रम होतात. जॅझवादकाचा रियाज याहून फार निराळा नसतो.

१९७८ साली मुंबईत ‘जॅझ यात्रा’ भरली. दहा वर्षांपूर्वी पवईच्या आश्रमात राहून गेलेले सनी रोलिन्स त्या वेळी वाजवायला आले होते. या उत्सवाच्या वातावरणातच ब्राझ आणि लुई बँक्स यांनी कर्नाटक गायिका रमामणी यांना सोबत घेऊन रागाधारित जॅझ उभे केले आणि ते युरोपातही नेले. आज आपल्याकडे ‘फ्यूजन’ या नावाखाली बरेच काही खपते. त्यातल्या चांगल्या भागाची वाट या मंडळींनी पाडली, असे माझे मत. आपल्या संगीतेतिहासांत त्यांना दोन ओळीही मिळू नयेत, हे मला खटकते.

खाँसाहेबांचा मारवा आपल्या घरी असेलच. एखाद्या संध्याकाळी तो संपला की लगेच ब्राझ यांचा सॅक्सोफोन लावा.