डोंगरावरची चित्रं, माळावरची काच

औंध संस्थान तसं लहान. ७२ गावं, तीही सलग नाहीत. मध्ये इंग्रजी मुलूख लागायचा, पुढे पुन्हा औंधचं गाव. पण साताऱ्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात हे संस्थान कधीच लहान नव्हतं. आमच्या घरात तर औंधचे दोन राजे नांदत होते, एक आजीचा आणि एक आजोबांचा. नाव मात्र दोघांचं एकच : बाळासाहेब, म्हणजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. १९०९ साली ते गादीवर आले.

आजीचं माहेर औंध. तिच्या राजेसाहेबांच्या हातात कुंचला असायचा. ते स्वतः चित्रं काढत, आणि रामायणाचे प्रसंग तर त्यांनी एकापुढे एक असे चितारले. आजी सांगायची, तिला राम आधी चित्रात भेटला, अक्षरओळख नंतर झाली. शाळेत मुलांबरोबर मुलींनाही सूर्यनमस्कार घालावे लागत. राजा स्वतः रोज घालतो म्हटल्यावर कुरकुर कोण करणार? शिवाय राजेसाहेब कीर्तनही करत. “राजा कीर्तनाला हुबा ऱ्हायला, की आमची आय चुलीवरचं तसंच टाकून यायची,” हे सांगताना आजीचा आवाज चढायचा.

आजोबांना हे सगळं मान्य होतं, पण त्यांचा राजा वेगळा होता. कराडजवळ ओगलेवाडीला काचेच्या भट्टीवर त्यांची हयात गेली. “चित्रं लई बेस काढायचे. पर आमची चूल पेटली ती त्यांनी माळावर कारखाना येऊ दिला म्हणून,” ते म्हणायचे.

त्या कारखान्याची मुळं तळेगावात आहेत. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा केला, टिळकांनी पाठबळ दिलं आणि १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. काच विकण्याइतकंच काचेचं काम शिकवणं हाही त्याचा हेतू होता. तिथे हात बसलेल्यांपैकी एक गुरुनाथ प्रभाकर ओगले. १९१६ साली ओगले बंधूंनी औंधच्या राजाच्या आधारानं स्वतःचा कारखाना काढला. पहिलं महायुद्ध चालू होतं. युरोपातून येणारा काचेचा माल आटला होता आणि घरोघरच्या दिव्यांना काच तर हवीच होती. पुढे याच कारखान्यातून वडिलांच्या नावाचा ‘प्रभाकर’ कंदील निघाला आणि महाराष्ट्रभर खुंट्याखुंट्यांवर जाऊन बसला.

कंदिलाची काच कशी होते, हे आजोबा हातवारे करून दाखवत. वाळू, सोडा, चुना भट्टीत १४०० अंशांच्या पुढे तापला की त्याचा दाट रस होतो. पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर तो रस गुंडाळून घ्यायचा, थोडी फुंकर मारायची, गोळा फुगला की साच्यात धरायचा आणि नळी सारखी फिरवत पुन्हा फुंकायचं. फिरवणं थांबलं की काच एका बाजूला जाड झालीच. मग वरचं टोक कापायचं, कड तापवून गुळगुळीत करायची. त्यानंतरचं काम सगळ्यांत नाजूक. “काच निवताना जपायची. घाईनं निवली तर दिसायला धड, पर कंदिलात पयल्या रातीलाच तडकती.” म्हणून तयार काच मंद आचेत ठेवून हळूहळू थंड करत.

आजी-आजोबांचा वाद मला पुष्कळ वर्षं खराच वाटायचा. पुढे औंधला यमाईच्या डोंगरावरचं, १९३८ साली पंतांनी उभारलेलं संग्रहालय पाहिलं आणि तो मिटला. तिथे रविवर्म्याची चित्रं आहेत, धुरंधरांची आहेत आणि हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पही आहे. ज्या माणसानं हे जमवलं, त्यानंच १९१० साली बेळगावातून उठावं लागलेल्या लक्ष्मणराव किरलोस्करांना नांगरांच्या कारखान्यासाठी कुंडलजवळचा निवडुंगानं भरलेला माळ दिला. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सचित्र निघावी म्हणून भांडारकर संस्थेला एक लाख रुपये देऊ केले तेही त्यानंच. त्याच्याच औंधात साने गुरुजी शिकले, गदिमा शिकले. चित्र, ग्रंथ, नांगर, कंदील यांना त्याच्या लेखी वेगळे दरवाजे नव्हते. स्वतः रंग कालवणाऱ्या माणसाला हातातल्या कसबाची किंमत ठाऊक होती. ते कसब कुंचल्याचं आहे की फुंकनळीचं, हा प्रश्न त्यानं विचारला नाही.

राजाश्रय म्हटलं की दरबार, बिदागी, शेला-पागोटं डोळ्यांपुढे येतं. पंतांचा आश्रय निराळा होता. गुणी माणूस ओळखायचा, त्याच्या पायाखाली जमीन द्यायची आणि मग आपण बाजूला व्हायचं. हा स्वभाव इतका पक्का, की १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्यानं नवी राज्यघटना करून त्यांनी खुद्द राज्यकारभारही प्रजेच्या हाती सोपवला. खेड्यांच्या पंचायतींना अधिकार आले, आणि ते राजानं आपणहून दिले होते. १९४८ साली संस्थान विलीन झालं, १९५१ साली पंत गेले. ओगल्यांचा कारखानाही पुढे बंद पडला.

साताऱ्याकडच्या शाळांच्या सहली आजही औंधच्या डोंगरावर जातात, मुलं रांगेनं चित्रं पाहतात. त्याच सहली ओगलेवाडीलाही न्याव्यात असं मला फार वाटतं. तिथे उभं करून मुलांना सांगावं, की डोंगरावरची चित्रं ज्यानं जमवली, त्यानंच या माळावर भट्टीला जागा दिली. रसिक राजा कसा असतो हे त्यांना चित्रं पाहून कळेल. त्या रसिकतेवर किती घरांच्या चुली पेटल्या, हे या माळावर आल्याशिवाय कळायचं नाही.