निजतां न येणाऱ्यांची खुर्ची

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांत, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून, बपेरा हें गांव आहे. हा सारा टापू धानाचा. पाऊस लागला कीं बांध्या पाण्यानें भरतात आणि रोवणी सुरू होते. पऱ्ह्यांची जुडी हातांत घेऊन, चिखलांत पाय रोवून, कमरेंत वांकलेल्या स्त्रिया दिवसभर मागें मागें सरत धान लावीत असतात. अशीं तीस-चाळीस वर्षें गेलीं म्हणजे शरीर गुडघ्यांचा आणि कमरेचा हिशेब मागूं लागतें; आणि तो हिशेब तें बहुधा रात्रीं मागतें.

दिवसां कामाच्या ओघांत विसरलेली कळ अंथरुणावर पडतांच जागी होते. उताणें निजावें तर पाय सरळ होत नाहीं; कुशीवर वळावें तर खुबा ठणकतो. शेवटीं माणूस उठतो, भिंतीला पाठ लावतो, पाय अर्धवट दुमडतो आणि बसल्या बसल्या त्याचा डोळा लागतो. ही धड बैठक नव्हे आणि धड शेजही नव्हे. पण या मधल्या स्थितीलाही एक इतिहास आहे, आणि तो राजवाड्यापासून रुग्णालयापर्यंत पसरलेला आहे.

आपल्या वैद्यकाला ही गोष्ट अपरिचित नव्हती. तमक श्वासाच्या रोग्याला आडवें होतांच त्रास वाढतो आणि बसलें असतां सुख वाटतें, असें चरकसंहितेंत स्पष्ट सांगितलें आहे. पुढें माधवकरानें माधवनिदानांत आमवात हा सांध्यांचा रोग स्वतंत्रपणें वर्णिला, आणि सुजलेल्या, दुखऱ्या सांध्यांबरोबर झोंपेची घडी विसकटते हें लक्षणही टिपलें. सुश्रुतानें तर जखमी माणसाच्या शुश्रूषेला सूत्रस्थानाचा एकोणिसावा अध्याय दिला. शय्या ऐसपैस आणि नीट अंथरलेली असावी, मित्रांनीं जवळ बसून गोड गोष्टी सांगाव्या, आणि उठतांना, बसतांना, कूस पालटतांना रोग्यानें आपला व्रण जपावा, अशी त्याची शिकवण आहे. शस्त्राचें काम संपतें तेथें शय्येचें काम सुरू होतें, हें त्या आचार्यानें ओळखलें होतें.

खास दुखण्यासाठीं घडविलेल्या खुर्चीचें एक प्रसिद्ध उदाहरण स्पेनच्या दरबारांतलें आहे. दुसरा फिलिप हा सोळाव्या शतकांतील बलाढ्य राजा. त्याचें राज्य दोन्ही गोलार्धांत पसरलेलें. परंतु गाउट या दुखण्यानें, ज्याला आपले वैद्य वातरक्त म्हणतात, त्याचे सांधे उतारवयांत जखडून गेले. १५९५ च्या सुमारास जेहान लेर्मित या फ्लेमिश दरबाऱ्यानें त्याच्यासाठीं योजिलेल्या खुर्चीचें चित्र काढून ठेविलें आहे. पाठ मागें कलावी, पायांखालचा आधार वर यावा, आणि बसलेल्या राजाला न उठवितां जवळजवळ निजवितां यावें, अशी तिची रचना होती. लांकूड, कातडें आणि साधें लोखंड, एवढाच तिचा ऐवज. सोन्यारुप्याच्या सिंहासनापेक्षां १५९८ मध्यें मृत्यु येईपर्यंतच्या त्या वर्षांत राजाला हीच बैठक अधिक उपयोगी पडली असेल, यांत नवल नाहीं.

आपल्याकडे कलत्या पाठीची खुर्ची ओळखीची झाली ती इंग्रजी अमदानींत. भंडारा तेव्हां मध्य प्रांतांत होतें. डाक बंगल्यांच्या आणि विश्रामगृहांच्या व्हरांड्यांत वेतानें विणलेली, लांब हातांची आरामखुर्ची मांडलेली असे; दौऱ्यावरून आलेला साहेब तिच्या लांब हातांवर पाय टाकून पहुडे. पुढें वकिलांच्या, मामलेदारांच्या आणि मालगुजारांच्या ओसरीवर ती आली. या खुर्चीचा संबंध दुखण्याशीं कमी आणि दर्जाशीं अधिक होता. शिवाय तिची बैठक ठेंगणी. तींत बसणें सोपें, पण गुडघे दुखत असलेल्या माणसाला तिच्यांतून उठणें कठीण. पाठ आणि पाय यांची उंची हवी तशी बदलणारी खुर्ची सामान्य घरांत शिरली ती पुढें. अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत, मन्रो या गांवीं, एडवर्ड क्नाबुश आणि एडविन शूमेकर यांनीं १९२८ मध्यें लांकडी पट्ट्यांची, शरीराबरोबर कलणारी खुर्ची बनविली. आज दुकानांतून दिसणाऱ्या गादीच्या रिक्लायनर खुर्च्यांच्या वंशांत तिचें स्थान मोठें आहे.

अर्धवट कलल्यानें दुखऱ्या सांध्याला आराम कां वाटतो, याचा शोध एकोणिसाव्या शतकांत लागला. फ्रान्समधील लियों येथील शस्त्रवैद्य आमेदे बोने यांनीं मृत शरीरांच्या सांध्यांत पाणी भरून पाहिलें. पाणी जसजसें भरे, तसतसा सांधा आपोआप अर्धा वांके. सांध्याच्या पिशवींत सर्वांत अधिक जागा अर्धवट वांकलेल्या स्थितींतच असते. म्हणून सुजलेला, पाण्यानें भरलेला गुडघा दुमडून ठेवणारा माणूस लाड करून घेत नसतो. तो निसर्गाची आज्ञा पाळीत असतो.

शस्त्रक्रियेच्या खोलींत हें तत्त्व निराळ्या वाटेनें आलें. पोटांत पू पसरला म्हणजे रोगी सहसा वांचत नसे, अशा काळीं अमेरिकेंतील ब्रुकलिनचे जॉर्ज रायर्सन फौलर यांनीं १९०० मध्यें अशा रोग्याचें डोकें आणि धड उंच ठेवण्याचा उपाय मांडला. पू ओटीपोटांत उतरावा, तेथें त्याचें विष कमी शोषलें जाईल, असा त्यांचा हेतु होता. पुढें प्रतिजैविकें आलीं आणि त्या कारणाचें महत्त्व ओसरलें. पण स्थिति टिकली, कारण तिच्यांत श्वास मोकळा चालतो आणि पोटाच्या टांक्यांवरचा ताण हलका होतो. परिचारिका आजही तिला फौलरच्याच नांवानें ओळखतात. १९०९ मध्यें विलिस गॅच यांनीं सांधे असलेली खाट तयार केली. रुग्णालयांत दांडा फिरवितांच जिचें डोकें आणि गुडघे वर येतात, ती खाट याच घराण्यांतली.

पुढें सांधाच बदलण्याचा काळ आला. ऑक्टोबर २००० मध्यें पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयांत डॉ. चित्तरंजन राणावत यांनीं शस्त्रक्रिया केली, तेव्हां कृत्रिम गुडघ्याची वार्ता खेडोपाडीं पोंचली. त्याबरोबर घरोघर एक नवा प्रश्न आला: घरीं परतलेल्या माणसाला निजवावें कसें? खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर उताणें निजलें असतां हात मागें ओढला जातो आणि शिवलेल्या भागावर ताण येतो. म्हणून अशा रोग्याला कांहीं आठवडे कोंपराखालीं आधार घेऊन कलत्या खुर्चींत झोंपणें सुखाचें होतें.

गुडघ्याची गोष्ट मात्र उलट आहे, आणि येथेंच सावध राहिलें पाहिजे. गुडघा बदलल्यावर त्याच्याखालीं उशी घालून तो दुमडून ठेवला कीं बरें वाटतें, पण पाय सरळ होण्याची संवय जाते आणि तो तसाच आंखडतो. खुबा बदललेल्या माणसानें पहिले कांहीं आठवडे ठेंगण्या, खोल बैठकींत बसूं नये, असें शस्त्रवैद्य बहुधा सांगतात. पाय लोंबते ठेवून रात्र काढली तर त्यांवर सूज येते. फार वेळ हालचाल न केल्यास शिरांत रक्ताची गांठ होण्याचें भय असतें. विसाव्या शतकाच्या मध्यावर शस्त्रवैद्य रोग्याला लवकर उठवूं लागले ते यासाठींच. सुख देणारी स्थिति आणि बरें करणारी स्थिति नेहमींच एक नसते. खुर्चीनें रात्र निभावून न्यावी. पायांना पुन्हां चालावयास लावणें हें दिवसाचें काम, आणि तें वैद्याच्या सल्ल्यानेंच झालें पाहिजे.

राजाची खुर्ची राजाबरोबर गेली, साहेबाची आरामखुर्ची व्हरांड्यांत राहिली, आणि जिचे गुडघे खरोखर झिजले ती रोवणीची बाई भिंतीलाच टेकून निजली. तिला महागडी खुर्ची पाहिजेच असें नाहीं. झोळ न पडणारी, पुरेशी उंच लांकडी बैठक. कमरेपासून डोक्यापर्यंत उतरता आधार देणारी गुंडाळलेली गादी, नुसती मानेखालचीच उशी नव्हे. हातांखालीं दोन लोड. आणि सकाळीं उठून पाय हलके हलके सरळ करण्याची संवय, इतक्यानें पुष्कळ साधतें. कमी आहे ती एकच वस्तु: तिची रात्रीची कळ ही वयाची रीतच आहे असें न मानतां, तिच्यासाठीं ती गादी गुंडाळून देणारा घरांतला कोणी तरी. पुढच्या आषाढांत बांध्या पुन्हां भरतील. ज्यांच्या पानांत तो भात पडतो, त्यांनींही याची आठवण ठेवावी.