सांडपाण्याची साक्ष

सांडपाणी म्हटलें कीं आपण नाक मुरडतों. परंतु मुंबईंत पोलिओचा माग त्याच पाण्यानें दिला. या विषाणूची बाधा झालेल्या सुमारें २०० मुलांमागें एखादेंच पंगू होतें. बाकीचीं हसतखेळत तो शौचावाटे पसरवीत राहतात. मग नुसते रुग्ण मोजून रोगाचा ठाव लागावा कसा? म्हणून २००१ सालापासून परळच्या विषाणु-संशोधन केंद्रांत गटारांतील पाणी तपासलें जाऊं लागलें. मूल लुळें पडण्यापूर्वींच लस पाजणारांना इशारा मिळे. मुंबईच्या सांडपाण्यांत नैसर्गिक पोलिओचा विषाणु शेवटचा सांपडला तो नोव्हेंबर २०१० मध्यें. देशांतील अखेरची रुग्ण, हावड्याची एक बालिका, जानेवारी २०११ मधील. २०१४ सालीं पोलिओमुक्तीचें प्रमाणपत्र मिळालें. गटारांतील नमुने घेणें मात्र थांबलें नाहीं.