गोंगाटाखालचं ऐकणारा माणूस

१९९३ च्या ऑक्टोबरात जोसेफ टेलर आणि रसेल हल्स यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा आपलं सगळं लक्ष किल्लारीकडे होतं. टेलर हे नाव आपल्याकडे फारसं रुजलं नाही. मला त्यांच्यात रस आहे तो आणखी दोन गोष्टींमुळे. ते क्वेकर आहेत आणि हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले आहेत.

क्वेकर हा सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये निघालेला ख्रिस्ती पंथ. टेलर ज्या परंपरेतले, तिथे पाद्री नाही, ठरलेली प्रार्थना नाही. रविवारी माणसं साध्या खोलीत गप्प बसतात. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर तो उठून बोलतो, नाहीतर तासभर शांतता. (आपल्याकडच्या एखाद्या उत्सव मंडळाला हे सुचवून बघा!) धार्मिक माणूस म्हटलं की हल्ली आपल्याला आधी आवाजच आठवतो. म्हणून हे सांगावंसं वाटलं.

न्यू जर्सीतल्या शेतावर हे घर. जो आणि त्याचा भाऊ हॅल, दोघांना रेडिओचं वेड. भंगारातले टीव्ही आणि लष्कराचं जुनं सामान जोडून यंत्रं बनवायची. छपरावर अँटेना उभारण्याच्या एका खटाटोपात या पोरांनी घराचं विटांचं धुराडंच छाटून टाकलं. आईवडिलांचं काय झालं असेल ते समजून घ्या.

पुढे १९७४ मध्ये टेलर यांचा विद्यार्थी हल्स याला पोर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीवर एक पल्सार सापडला. दुसऱ्या ताऱ्याभोवती पावणेआठ तासांत फेरी मारणारा. टेलर आणि सहकारी वर्षानुवर्षं त्याचे ठोके मोजत बसले. फेरीचा वेळ दरवर्षी कमी होत होता, सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले सुमारे ७५. आइन्स्टाइनच्या गणिताशी हे जुळलं. गुरुत्वीय लहरींचा तो पहिला पुरावा, अप्रत्यक्ष का होईना.

नोबेलनंतर माणूस हारतुऱ्यांत रमला असता. हे परत हौसेकडे वळले. २००१ पासून त्यांनी हॅम लोकांसाठी सॉफ्टवेअर लिहिलं, फुकट वाटलं, पुढे त्याचा कोडही खुला केला. २०१७ मध्ये स्टीव्ह फ्रँके यांच्यासोबत आणलेली एफटी-८ पद्धत गोंगाटाच्या शंभराव्या भागाइतका क्षीण संदेशही ओळखते. पंधरा सेकंद एकाने पाठवायचं, पंधरा सेकंद ऐकायचं. गच्चीत तार टाकलेला माणूसही सातासमुद्रापार पोचतो. जुने हॅम कुरकुरतात, की यात गप्पा उरल्या नाहीत, संगणकच संगणकाशी बोलतो. तक्रार खरी आहे. पण ज्याच्याकडे उंच टॉवर नाही, महागडं यंत्र नाही, त्याचंही ऐकू येतंय. आमच्या बातमीदारीत हे अजून जमलेलं नाही.

२०१० मध्ये टेलर अरेसिबोत परत गेले, या वेळी हॅम म्हणून. ३०५ मीटरच्या त्याच तबकडीवरून त्यांनी आणि साथीदारांनी चंद्रावर आपटवून संदेश पाठवले आणि जगभरच्या हौशी मंडळींनी आपल्या छोट्या अँटेनांवर ते पकडले. ती दुर्बीण २०२० मध्ये कोसळली.