उसने पंख

१८७२च्या भारतीय करार कायद्यात एक खोडकर घोडा आहे. गंमत नाही, खरंच आहे. कलम १५० समजावताना कायदा लिहिणाऱ्यांनी उदाहरण दिलंय: 'अ'ने आपला घोडा 'ब'ला वापरायला दिला. घोडा द्वाड आहे हे 'अ'ला ठाऊक होतं, पण तो बोलला नाही. घोडा उधळला, 'ब' पडला, जखमी झाला. भरपाई कोण देणार? 'अ'.

पुढे कलम १५४मध्ये दुसरा घोडा भेटतो. तो कलकत्त्याहून बनारसला जायला म्हणून भाड्याने घेतलाय, पण घेणारा निघाला कटककडे. त्याने घोडा नीट सांभाळला, तरी घोडा अपघाताने पडून जखमी झाला. आता भरपाई घेणाऱ्याने द्यायची. बोली बनारसची होती ना?

देणाऱ्याने दोष सांगायचे, घेणाऱ्याने बोलीबाहेर जायचं नाही. उसनवारीचा व्यवहार या दोन नियमांवर बऱ्यापैकी चालतो. पण उसनी वस्तू आकाशात उडणारी असेल तर? ती पडेल तेव्हा कुणाच्या तरी छपरावर, उभ्या पिकात किंवा डोक्यावर पडेल. या तिसऱ्या माणसाचा देणाऱ्याशीही करार नाही आणि घेणाऱ्याशीही नाही. ग्लायडरच्या विम्याचा इतिहास बराचसा या तिसऱ्या माणसाभोवती फिरतो.

जहाजाचा विमा, हवेत

ऑटो लिलिएंटाल हा जर्मन इंजिनिअर १८९०च्या दशकात स्वतः बनवलेली ग्लायडर चक्क विकत होता. किंमत ५०० मार्क. ऑगस्ट १८९६मध्ये तो स्वतःच ग्लायडरवरून पडून गेला. त्याचं ग्लायडर विकत घेणारा ब्रिटिश पर्सी पिल्चर १८९९मध्ये त्याच वाटेने गेला. तेव्हा विमानविमा नावाची गोष्टच नव्हती.

लंडनच्या लॉइड्समध्ये पहिली विमान पॉलिसी निघाली १९११मध्ये. पुढच्याच वर्षी एका हवाई मेळाव्यात खराब हवामानामुळे अपघात झाले, नुकसान झालं आणि लॉइड्सने हा धंदा काही काळ बंदच केला. लॉइड्सची हयात जहाजांचा विमा उतरवण्यात गेली होती, त्यामुळे विमानालाही त्यांनी जहाजाचेच कपडे चढवले. जहाजाच्या सांगाड्याला इंग्रजीत 'हल' म्हणतात. विमानाच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याला आजही 'हल इन्शुरन्स'च म्हणतात. शब्दाबरोबर विचारही आला: विमा यंत्राचा. यंत्राला नोंदणी क्रमांक असतो, मालक असतो, आणि कोण चालवू शकतो ते पॉलिसीत लिहिलेलं असतं. मित्राने तुम्हाला आपलं ग्लायडर दिलं आणि तुम्ही त्या अटीत बसत नसाल, तर पॉलिसी असून नसल्यासारखी.

एक ग्लायडर, सगळा क्लब

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीत इंजिनाच्या विमानांवर कडक बंधनं आली. मग पोरं इंजिनाशिवाय उडू लागली. १९२०पासून वासरकुप्पे या डोंगरावर ग्लायडिंगच्या स्पर्धा सुरू झाल्या. ग्लायडर एकट्याच्या खिशाला परवडणारं नव्हतं. क्लबने मिळून बांधायचं, पाळीपाळीने उडवायचं. म्हणजे या खेळात उसनवारी हा अपवाद नव्हता, तो पायाच होता.

जर्मनीच्या १९२२च्या हवाई वाहतूक कायद्याने जमिनीवरच्या माणसाची बाजू घेतली. विमानामुळे त्याचं नुकसान झालं, तर कुणाची चूक झाली हे त्याने सिद्ध करत बसायची गरज नाही. 'हाल्टर'ने भरपाई द्यायची. हाल्टर म्हणजे नुसता कागदावरचा मालक नव्हे, तर जो ते विमान बाळगतो आणि चालवतो तो. याच कायद्याच्या आजच्या रूपात उसनवारीचाही हिशेब आहे. हाल्टरच्या नकळत, त्याच्या मनाविरुद्ध कुणी विमान नेलं, तर एरवी जबाबदारी नेणाऱ्याची. पण हाल्टरने स्वतःच विश्वासाने सोपवलं असेल, तर तो सुटत नाही. चावी दिलीस, म्हणजे तूही गुंतलास.

मशीन की युजर?

मग फ्रान्सिस रोगालो आला. त्याने १९४८मध्ये मऊ कापडी पंखाच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि १९७०च्या दशकात त्या कल्पनेतून हँग ग्लायडिंगचं वेड पसरलं. २३ मे १९७१ला कॅलिफोर्नियात लिलिएंटालच्या वाढदिवसाच्या निमित्ताने हौशी मंडळी घरगुती ग्लायडर घेऊन एका टेकडीवर जमली. हे पंख घडी करून गाडीच्या टपावर टाकायचे. विमानासारखी नोंदणी नाही, शेपटीवर क्रमांक नाही. विमा चिकटवायचा कशाला?

सॉफ्टवेअरवाल्यांना हा पेच ओळखीचा आहे: लायसन्स मशीनला द्यायचं की युजरला? ब्रिटन-अमेरिकेतल्या हँग ग्लायडिंग आणि पॅराग्लायडिंग संघटनांनी युजर निवडला. सदस्यत्व घ्या, त्यासोबत तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा मिळेल. पंख स्वतःचा असो वा मित्राचा, विमा उडणाऱ्याबरोबर फिरतो. युरोपीय संघाच्या २००४च्या नियमातही हीच फट दिसते. ५०० किलोच्या आतल्या विमानाला, त्यात ग्लायडरही आलं, तिसऱ्या माणसासाठी किमान साडेसात लाख एसडीआरचा विमा सक्तीचा झाला (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक). पायांनी धावत उडणारी यंत्रं मात्र त्या नियमातून वगळली. त्यांचं काय करायचं ते देशोदेशींवर सोडलं.

पण या विम्यात एक गोष्ट सहज निसटते. तो तिसऱ्या माणसासाठी असतो. मित्राचा फाटलेला पंख आणि तुमचं मोडलेलं हाड, दोन्ही त्यात येत नाहीत.

भाडं आलं की खेळ बदलतो

पुन्हा कलम १५०कडे जाऊ. तिथे घोड्यानंतर एक गाडी आहे, भाड्याने दिलेली. ती धोकादायक आहे हे देणाऱ्याला माहीतच नव्हतं. तरी घेणारा जखमी झाला, तर जबाबदार देणाराच. फुकट दिलं तर फक्त माहीत असलेल्या दोषांची जबाबदारी. पैसे घेतले तर माहीत नसलेल्यांचीही. विमा कंपन्या हौशी वापर आणि भाड्याचा वापर वेगळे धरतात, त्यामागेही हाच विचार आहे. मित्राला पंख देताना 'पेट्रोलपाण्याचे दे रे पाचशे' म्हणणारा कोणत्या बाजूला जातो, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

आणि विमाच मिळेनासा झाला तर? अमेरिकेतल्या संघटनेवर २०१५-१६मध्ये ही वेळ आली. विमा देणारे मागे हटले. टेकड्या बहुतेक दुसऱ्यांच्या मालकीच्या. विमा नाही तर जमीनमालक उडू देणार नाही. मग सदस्य, क्लब आणि शाळांनी सुमारे २० लाख डॉलर उभे करायचं ठरवलं आणि १९८६च्या एका कायद्याच्या आधारे स्वतःचीच विमा संस्था काढली. वासरकुप्पेवर ग्लायडर सामायिक होतं. इथे धोकाच सामायिक झाला.

आपल्याकडे हा प्रश्न दुचाकीवर बसून येतो. मालकाकडून मागून घेतलेली मोटारसायकल बैलगाडीवर आदळून चालवणारा गेला, त्या प्रकरणात २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की उसनी गाडी घेणारा मालकाच्या जागी येतो. मालक स्वतःच स्वतःला भरपाई देऊ शकत नाही, म्हणून ज्या कलमाखाली घरच्यांनी दावा केला होता, त्याखाली त्यांना ती मिळाली नाही. मित्राच्या गाडीवर बसताना हे कितीजणांच्या डोक्यात असतं?

कामशेतच्या टेकडीवर शिकून आलेला कुणी उद्या मित्राकडे पंख मागेल. मागावा. देणाऱ्याने सांगावं, कुठे शिवलाय, कुठली दोरी बदलायची राहिलीये. घेणाऱ्याने विचारावं, विमा पंखाचा आहे की तुझा, आणि खाली कुणाचं शेत आहे. दोस्तीत असले प्रश्न विचारायला अवघडल्यासारखं होतं. पण खाली शेतात काम करणाऱ्या माणसाला तुमची दोस्ती माहीत नसते.