नाळ आणि वार

‘अमक्याची नाळ अमुक गावी पुरली आहे,’ असे आपण सहज म्हणून जातो. पण नाळेबरोबर जी वार पुरली जाते, तिची आठवण कोणी काढीत नाही. नऊ महिने आईच्या रक्तातून अन्न व प्राणवायू घेऊन मुलाला पोसणारी ती हीच. ‘टेस्ट ट्यूब बेबी’चा इतिहास सांगतानाही तिचे असेच विस्मरण होते. म्हणून तो इतिहास आज आम्ही वारेच्या बाजूने सांगणार आहोत.

गर्भ पाच-सहा दिवसांचा झाला की त्याच्या पेशींचे दोन गट पडतात. आतल्या पेशींपासून मूल घडते, बाहेरच्या थरापासून वार. वारेच्या पेशी गर्भाशयाच्या अस्तरात शिरतात आणि तेथील आईच्या रक्तवाहिन्या रुंद करतात. हे काम उथळ राहिले तर मुलाची वाढ खुंटू शकते. आईचा रक्तदाब चढून लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. या विकाराला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. बी उत्तम असले तरी जमिनीला वाफसा लागतो, हे आपल्या शेतकऱ्यास सांगावे लागत नाही.

शास्त्रज्ञांना मात्र हे अनुभवाने शिकावे लागले. इंग्लंडात रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो व जीन पर्डी हे अंडाशयाला औषधे देऊन पुष्कळ बीजे मिळवीत, परंतु गर्भ टिकेना. औषधांनी गर्भाशयाची तयारीच बिघडते की काय, अशी शंका त्यांना आली. त्यांनी औषधे सोडली, निसर्गक्रमाने पिकणारे एकच बीज घेतले, आणि २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राऊन जन्मली.

त्यानंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात ‘दुर्गा’ जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी औषधे दिली, पण गर्भ त्याच पाळीत परत न ठेवता गोठवून ठेवला आणि पुढच्या एका पाळीत गर्भाशयात सोडला. अडचण तीच, वाट मात्र निराळी! सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, आणि १९८१ साली त्यांनी स्वतःचे जीवन संपविले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेल्या मुलीच्या यशात डॉ. इंदिरा हिंदुजांबरोबर वाटा असलेले डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनीच पुढे १९९७ मध्ये मुखोपाध्यायांची टिपणे पाहून पहिलेपणाचा मान त्यांना दिला. मोठ्या मनाचे हे उदाहरण आम्हांस विसरवत नाही.

पुढे उपचार जगभर पसरले, तशा काही तक्रारी अधिक आढळू लागल्या: वार खाली, गर्भाशयाच्या मुखावर बसणे, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजन. दोष उपचाराचा की मुळातल्या वंध्यत्वाचा? नॉर्वेत १९६७ पासून प्रत्येक जन्माची नोंद ठेवली जाते. तिच्या आधारे २००६ साली असे दिसले की, उपचारानंतर वार खाली बसण्याचा संभव सुमारे सहापट असतो. एकाच मातेची दोन बाळंतपणे, एक उपचाराचे व एक नैसर्गिक, ताडून पाहिली तेव्हा तो जवळजवळ तिपटीवर आला. याउलट, २००८ साली भावंडांची तुलना केली असता वजनातील फरक बहुतांशी मावळला. म्हणजे काही दोष उपचाराचा, काही मूळ कारणाचा.

गोठविलेल्या गर्भाचाही निकाल सरळ नाही. त्यातील मुले वजनाने भरलेली असतात. पण मातेला रक्तदाबाचा त्रास अधिक संभवतो. बीज पिकू न देता केवळ गोळ्यांनी अस्तर तयार केले असेल, तर तो विशेष दिसतो. तेथे बीज बाहेर पडल्यावर अंडाशयात उरणारा पीतपिंड नसतो. त्याचे स्राव मातेच्या रक्तवाहिन्यांना गर्भारपणासाठी तयार करीत असावेत, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

हे ऐकून कोणी घाबरू नये. अशी बहुतेक बाळंतपणे सुखरूप होतात. मात्र गर्भ राहिला म्हणजे उपचार संपला, असे घरच्यांनी मानू नये. एका वेळी एकच गर्भ ठेवावा काय, अस्तर कसे तयार करणार, हे डॉक्टरांना विचारावे; रक्तदाब नियमाने मोजून घ्यावा; उपचाराची हकीकत प्रसूती करणाऱ्यापासून लपवू नये. लाजेपोटी ती लपविली जाते, आणि त्याचे मोल आईला द्यावे लागते. बाळाच्या बारशाला जमणाऱ्या आपण सर्वांनी त्याच्या वारेचीही काळजी आधी वाहिली पाहिजे, एवढेच आमचे सांगणे.